अठरा किलोमीटरांत तीन हद्दी

वापी स्टेशनवरून सिल्वासाला जाणारा रस्ता जेमतेम १८ किलोमीटरचा. पण एवढ्याशा रस्त्यात आपण तीनदा हद्द ओलांडतो. वापी गुजरातची. डुंगरा गाव मागे पडलं की दादरा लागतं, ते केंद्रशासित प्रदेशाचं. दादरा संपलं की लवाछा, म्हणजे पुन्हा गुजरात. आणि लवाछा ओलांडलं की पिपरिया. तिथून परत केंद्रशासित प्रदेश आणि पुढे सिल्वासा. शेजारी बसलेल्या प्रवाशांना याचं काहीच वाटत नव्हतं. मला मात्र दर पाटीला मान वळवाविशी वाटत होती. आपण सीमाभागातली माणसं. शिनोळीची वेस आली की पाट्यांवरची लिपी बदलते, हे पाहत लहानाचे मोठे झालो. त्यामुळे रस्त्यावरची हद्द आपल्या डोळ्यांना आधी दिसते.

माझी धाकटी बहीण गोकाकला दिली. तिच्या मुलीचा, म्हणजे माझ्या भाचीचा संसार सिल्वासाला आहे. जावई तिथल्या एका यार्नच्या कारखान्यात सुपरवायझर. "मावशी, एकदा येऊन तर बघ, आम्ही कुठे राहतो ते," असं ती चार वर्षं म्हणत होती. शेवटी डिसेंबरात जमलं.

लोकल संपते तिथून पुढे

बेळगावहून गुजरात-राजस्थानकडे जाणाऱ्या गाड्या मिरज, पुणे करत वसईवरून वर जातात. मी वसईला उतरून वापीकडची गाडी धरली. विरारनंतर वाटलं होतं, आता मुंबई संपली. पण तसं नाही. १६ एप्रिल २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. चर्चगेटपासून डहाणू १२४ किलोमीटर. म्हणजे बेळगावहून निघालेला माणूस निपाणी, कोल्हापूर मागे टाकेल, एवढा लांबचा पल्ला तिथे लोकलच्या पासावर रोज कापला जातो. पालघर, बोईसरला इमारतींच्या रांगा रुळाला लागून उभ्या आहेत. लोकल पोहोचली की तिच्या मागोमाग बिल्डर पोहोचतो, हे मुंबईनं शंभर वर्षांत शिकवलेलं गणित.

डहाणूनंतर लोकल नाही. घोलवड, बोर्डी, उंबरगाव, संजाण, भिलाड अशी स्टेशनं जातात. चिकूच्या बागा दिसतात, ताडाची झाडं दिसतात, मध्येच कारखान्याची निळी शेड. आणि मग वापी. मुंबई सेंट्रलपासून सुमारे १७० किलोमीटर. इथे फ्लाइंग राणी थांबते, इतर बऱ्याच गाड्या थांबतात. उतरणाऱ्यांची गर्दी पाहिली तर वाटावं, वापी हे केवढं मोठं शहर असेल! पण त्यातले कितीतरी लोक वापीचे नसतातच. ते सिल्वासाचे, दमणचे. सिल्वासाला रेल्वे नाही. एका केंद्रशासित प्रदेशाचा दरवाजा दुसऱ्याच राज्याच्या स्टेशनात आहे.

स्टेशनबाहेर आलं की "सेलवास, सेलवास" असा एकच गलका. गुजरातीत सेलवास, आपल्याकडे सिल्वासा. गुजरात एसटीच्या बसगाड्या आहेत, पण गलका असतो तो शेअर रिक्षांचा आणि इको गाड्यांचा. गाडी भरली की सुटणार. भरली म्हणजे किती, हे चालक ठरवणार. माझ्या मांडीवर माझी पिशवी आणि पिशवीवर शेजारच्या बाईंचं पोर, असा माझा प्रवेश झाला.

येताना कोणी अडवत नाही. परत वापीकडे जाताना मात्र हद्दीवर पोलीस गाडी थांबवून पिशव्यांत डोकावतात, कारण गुजरातेत दारूबंदी आहे आणि इकडे नाही.

वाटेसाठी हेगपर्यंत गेलेला मुलूख

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. मराठ्यांनी पोर्तुगिजांशी १७७९ साली तह केला आणि १७८३ साली नगर हवेलीचा महसूल त्यांच्याकडे सोपवला. मराठी आरमारानं पोर्तुगिजांच्या एका जहाजाचं नुकसान केलं होतं, त्याची ती भरपाई. दादरा पोर्तुगिजांनी १७८५ मध्ये विकत घेतलं. पुढे १७० वर्षं हा भाग त्यांच्याकडे राहिला. अडचण एकच होती. त्यांचं दमण समुद्रकाठी आणि हा मुलूख आत. मध्ये आधी ब्रिटिशांचा आणि नंतर भारताचा प्रदेश. अधिकारी असो की मिठाचं पोतं, दुसऱ्याच्या जमिनीवरून आणावं लागे.

जुलै १९५४ मध्ये भारतानं ती वाट बंद केली. २२ जुलैला दादरा मुक्त झालं, मग नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. गोव्याच्या संघटनांचे कार्यकर्ते होते, महाराष्ट्रातले तरुण होते. आपल्या लाडक्या बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडके यांनी, या लढ्यात प्रत्यक्ष भाग घेतला होता. बाबासाहेब पुरंदरेही होते. त्यानंतर सात वर्षं हा मुलूख कुणाच्याच ताब्यात नव्हता म्हटलं तरी चालेल. वरिष्ठ पंचायत कारभार पाहत होती. ११ ऑगस्ट १९६१ रोजी तो भारतात सामील झाला. करारावर सही करायला त्या बाजूनं कुणीतरी हवं, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसाचे पंतप्रधान करण्यात आलं आणि त्यांनी नेहरूंबरोबर सही केली. भाचीच्या मुलाला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "अज्जी, एका दिवसाचा पंतप्रधान असतो का?" असतो बाबा, तुमच्या गावाला होता!

पण मला अधिक नवल वाटतं ते मधल्या खटल्याचं. पोर्तुगालनं डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दावा होता वाटेचा. दमणहून दादरा आणि नगर हवेलीला जायचा आम्हाला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. भारताच्या बाजूनं न्यायमूर्ती म्हणून एम. सी. छागला तिथे बसले होते. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना भारताच्या नियंत्रणाखाली जाण्या-येण्याचा हक्क होता. फौजेला, हत्यारी पोलिसांना आणि दारूगोळ्याला तो नव्हता. आणि १९५४ साली भारतानं वाट बंद केली त्यात काही वावगं नव्हतं, असा तो निकाल.

ज्या पट्ट्यावरून जगाच्या कोर्टात वाद झाला, त्याच पट्ट्यात मी इकोत दाटीवाटीनं बसले होते. वाट आता मोकळी आहे. पण मोकळी वाट आणि तिच्यावरून वेळेवर घरी पोहोचवणारी गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला पुढच्या आठ दिवसांत कळलं.

सहापट माणसं

१९६१ च्या जनगणनेत या प्रदेशात ५७,९६३ माणसं होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. पन्नास वर्षांत जवळजवळ सहापट. २००१ ते २०११ या दहा वर्षांत लोकसंख्या ५६ टक्क्यांनी वाढली. त्या दशकात देशातल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात किंवा केंद्रशासित प्रदेशात एवढी वाढ झाली नाही.

एवढी माणसं आली कशी? कारखान्यांमुळे. पिपरियाला १९६५ मध्ये सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत झाली. पुढे सरकारनं मागास भाग म्हणून विक्रीकर आणि आयकरात सवलती दिल्या. मुंबई जवळ, महामार्ग जवळ, वापीत रेल्वे. मुंबईचा मालक सकाळी निघून कारखाना बघून रात्री घरी परतू शकतो. मग धागा, प्लॅस्टिक, तांब्याच्या तारा, सगळं इथे तयार होऊ लागलं. आपल्या साड्यांच्या, पडद्यांच्या पॉलिस्टर धाग्याचा मोठा वाटा इथला असतो. करसवलतींची मुदत संपली, कारखाने राहिले.

हा मूळचा आदिवासींचा मुलूख. वारली, धोडिया, कोकणा, काथोडी. १९९१ मध्ये शंभरातले ७९ जण आदिवासी होते, २००१ मध्ये ६२ आणि २०११ मध्ये ५२. आदिवासी कमी झाले असं नाही, बाहेरचे वाढले. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, महाराष्ट्र, गुजरात, सगळीकडून. वारली आणि कोकणा बोलीत मला कितीतरी शब्द ओळखीचे सापडले. बाजारात भाजी विकणारी वारली बाई, घेणारा बिहारी मुलगा आणि मध्ये बोलणारी माझी गोकाकची भाची! आमच्या घरात दोन भाषा होत्या, तिच्या घरात चार झाल्या आहेत. बाबांशी फोनवर कानडी, आईशी मराठी, शेजारणीशी गुजराती आणि मुलाच्या मित्रांशी हिंदी.

कारखान्यांच्या आसपास चाळी उठल्या आहेत. दादरा, सामरवर्णी, मसाट, रखोली, नरोली, जिकडे जावं तिकडे. समोरासमोर दोन रांगा, मध्ये बोळ, प्रत्येक दाराआड एक खोली. एका खोलीत चार-पाच पुरुष. दिवसपाळीचा झोपेतून उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा होतो. जावयांनी मला एक चाळ दाखवली. दारात चपला पाहिल्या, सगळ्या पुरुषांच्या. दोरीवर कपडे, तेही सगळे पुरुषांचे. एकही परकर नाही, एकही झबलं नाही.

पाठोपाठ मला जनगणनेतला आणखी एक आकडा आठवला. २०११ मध्ये या प्रदेशात दर हजार पुरुषांमागे ७७४ स्त्रिया होत्या. २००१ मध्ये त्या ८१२ होत्या. देशाची सरासरी ९४३. काही लोक अशा आकड्याला मुलींच्या जन्माशी जोडतात. इथे कारण बरंचसं वेगळं आहे. इथे पुरुष येतो आणि बायको-मुलं गावाकडे राहतात.

अकरा वाजताची गाडी

कारखान्याच्या पाळ्या सात-तीन, तीन-अकरा आणि अकरा-सात अशा. काही ठिकाणी बारा तासांच्या दोनच. तीन वाजता पाळी सुटते तेव्हा पिपरियाच्या रस्त्यावर सायकली, मोटारसायकली, पायी चालणारे आणि शेअर रिक्षा यांची नुसती दाटी. उजेड असतो, गाड्या मिळतात. खरा प्रश्न रात्री अकराचा. तेव्हा बस नसते. रिक्षावाला म्हणेल तो भाव, नाहीतर चालत. मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या बस असतात, पण त्या कायमच्या नोकरांसाठी. ठेकेदाराच्या माणसानं आपलं आपण बघायचं.

म्हणून कामगार कारखान्याच्या भिंतीला चिकटून राहतो. तिथली जागा महाग होते, म्हणून एका खोलीत पाच जण. पाच पुरुषांच्या खोलीत बायकोला आणणार कसं? जरा लांब, दहा किलोमीटरवर, खानवेलच्या बाजूला खोली घ्यावी, मोकळी हवा, परवडणारं भाडं, मुलांना शाळा. तर रात्री परत यायचं कशानं? सगळी गाठ तिथे येऊन बसते. मला वाटतं, या गावात कुटुंबं राहतील की नुसते पुरुष, हे बऱ्याच अंशी रात्री अकराच्या बसवर ठरतं.

माझ्या भाचीचं तरी काय झालं? ती बी.एड. आहे. वापीतल्या एका शाळेत तिला नोकरी मिळत होती. सकाळी जाणं जमत होतं. संध्याकाळी मात्र शेअर गाडी भरेपर्यंत थांबायचं, कधी अर्धा तास, कधी तास. मूल पाळणाघरात, जावयांची तीन-अकराची पाळी. दोन महिने केलं आणि सोडलं. "मावशी, अंतर कितीचं आहे गं? टिळकवाडीहून सांबरा विमानतळाला जाऊन येण्याएवढं. पण गाडी कधी सुटेल हेच माहीत नसेल तर घड्याळ लावायचं कशाला?" तिचं बोलणं मला पटलं. १८ किलोमीटर म्हणजे काही लांब नाही. पण वेळापत्रक नसलेले १८ किलोमीटर फार लांब असतात.

बहीण रोज रात्री तिला फोन करते. पहिला प्रश्न ठरलेला: "ऊटा आतेनु?" जेवण झालं का? भाची म्हणते, माझं झालं, यांचं व्हायचंय, अजून आले नाहीत. साडेअकरा, बारा. मी होते त्या आठ दिवसांत हे संभाषण आठदा ऐकलं.

आपल्याकडे आणि तिकडे

सिल्वासात असताना सारखी उद्यमबागेची आठवण येत होती. आपल्या बेळगावच्या फौंड्रीत काम करणारी कितीतरी मुलं खानापूर तालुक्यातून, चंदगडकडच्या गावांतून येतात. कुणी बसनं, कुणी पॅसेंजरनं, कुणी मोटारसायकलवर. कानडी परिवहनाची लाल बस असो की महाराष्ट्राची एसटी, पास काढायचा आणि बसायचं. म्हणून ती मुलं रात्री आपापल्या घरी भाकरी खातात, शेती बघतात, आई-बापांच्या दुखण्याखुपण्याला असतात. बेळगावात कामगारांच्या एकेका खोलीत पाच-पाच पुरुष नाहीत असं नाही, पण गावं रिकामी झाली नाहीत, याचं थोडं श्रेय त्या बसगाड्यांना द्यायला हवं.

आणि ती बस थांबली की काय होतं, हेही आपल्याला ठाऊक आहे. सीमावादावरून डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन राज्यांमधली बससेवा बंद पडली. तेव्हा कुणाचं लग्नाचं बोलणं राहिलं, कुणाची कोल्हापूरच्या दवाखान्यातली तारीख चुकली. कानडी घरातली माहेरवाशीण असो की मराठी घरातली, नाक्यावर बोचकं घेऊन उतरणारी एकच. आपल्याकडे बस भांडणानं थांबते. सिल्वासात भांडण नाही, सगळे गुण्यागोविंदानं आहेत. तिथे बस थांबते ती हद्दीपाशी. प्रत्येक सरकार आपली गाडी आपापल्या हिशेबानं सोडतं. वापीची महापालिका निराळी, सिल्वासाची नगरपालिका निराळी, प्रदेशाचा कारभार तर २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवबरोबर एक झालेला. माणसाचं घर एकीकडे, कारखाना दुसरीकडे आणि स्टेशन तिसरीकडे. त्याचा सबंध दिवस कुणाच्याच वहीत नाही.

नवं काय येतंय

काहीच होत नाही असं म्हणणं बरोबर होणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये सिल्वासाची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. रस्ते रुंद झाले आहेत, पदपथ झाले आहेत, विजेवरच्या बसगाड्या आल्या आहेत. एकीत मी बसले. धूर नाही, आवाज नाही, बायकांना बसायला जागा. शेजारी एक वारली आजीबाई होत्या, मांडीवर कोंबडी. त्यांच्या चेहऱ्यावर अशी ऐट होती की विचारू नका! अशी गाडी शेवटच्या पाळीपर्यंत आणि वापी स्टेशनपर्यंत नेमानं मिळाली, तर इथल्या कितीतरी घरांचं रोजचं जगणं बदलेल.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे बुलेट ट्रेन. मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटरचा मार्ग, बारा स्टेशनं. त्यातला चारेक किलोमीटरचा तुकडा दादरा-नगर हवेलीतून जातो. स्टेशन मात्र या प्रदेशात नाही. ते वापीजवळ, डुंगऱ्याला, याच सिल्वासा रस्त्यावर. उंच खांब दिसतात. जावई म्हणाले, "मुंबईचा साहेब आता आणखी लवकर येईल." मी विचारलं, "आणि डुंगऱ्याहून पुढे?" ते हसले. "पुढे आहेच की आपली इको."

हसण्यावारी नेलं, पण मला ते बोलणं लागलं. डहाणूला लोकल आली तेव्हा काय झालं ते आपण पाहिलं: गाडीच्या मागे वस्ती गेली. डुंगऱ्याला स्टेशन झालं की इथेही जमिनी महागतील, इमारती उठतील. त्या वेळी स्टेशनपासून कारखान्यापर्यंत, कारखान्यापासून खानवेलच्या पाड्यापर्यंत बसचं जाळं आधी विणलेलं असेल, तर वाढ पसरेल आणि माणसाला राहण्याजोगी होईल. नसेल, तर आणखी चाळी, आणखी एकेका खोलीत पाच जण. मोठी गाडी शहराला जोडते. घर जोडायला छोटी गाडीच लागते.

सिल्वासाला जाणाऱ्यांनी दादऱ्याचं वनगंगा तळं बघावं, पिपरियाचं हिरवा वन बघावं, आदिवासी संग्रहालय बघावं, खानवेलच्या रस्त्याला सागाच्या रानातून जाऊन यावं. दमणगंगा आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीतून निघून इथे येते, तिच्या काठी थोडा वेळ बसावं. सगळं बघण्यासारखं आहे. पण एखाद्या रात्री अकरा वाजता मसाटच्या किंवा पिपरियाच्या फाट्यावरही पाच मिनिटं उभं राहावं. पाळी सुटते. माणसं डबे घेऊन बाहेर पडतात आणि दोन्ही बाजूंना बघतात, काही येतंय का.

एके काळी या वाटेसाठी एका राष्ट्रानं दुसऱ्याला हेगच्या कोर्टात खेचलं. आता डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसासाठी कोर्टात जायची गरज नाही. तीन कचेऱ्यांतल्या तीन साहेबांनी एका टेबलाशी बसून एक वेळापत्रक केलं, तरी पुष्कळ होईल.